हाकेआधी ओ

आमच्या हवामान केंद्राच्या मशीनरूममध्ये एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागतं. उंच कपाटांत एकावर एक रचलेली शेकडो मशीन, प्रत्येकाच्या पंख्यांची घरघर, आणि जमिनीच्या जाळ्यांमधून वर येणारा गार वारा. ही सगळी मशीन मिळून एकच गणित सोडवतात: वारा कुठून येणार, पाऊस कुठे पडणार. त्यासाठी त्यांना आपापसात सतत आणि भयंकर वेगाने बोलत राहावं लागतं. ते बोलणं नीट चाललंय ना, हे बघणं माझं काम. माझं आणि मास्तरांचं.

मास्तर माझे वरिष्ठ. इथे येण्याआधी ते तंत्रनिकेतनात शिकवायचे आणि ती खोड काही सुटली नव्हती. दिवा गेला तरी तो का गेला हे समजावून सांगितल्याशिवाय बदलायचे नाहीत. काळ्या पडद्यावर टाइप करायच्या सगळ्या कमांड मला त्यांनीच शिकवल्या. एक कमांड अख्ख्या जाळ्याचा नकाशा काढते. दुसरी, पिंग, एखाद्या मशीनला हाक मारते आणि ओ यायला किती वेळ लागला ते सांगते. तिसरी त्या हाकेचा माग काढते; कुठल्या स्विचमधून, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणाऱ्या डब्यातून, आणि त्याच्या कुठल्या पोर्टमधून, म्हणजे केबल लावायच्या भोकातून ती गेली, सगळं दाखवते. "माणूस थापा मारेल, पडदा मारणार नाही," असं ते म्हणायचे.

शेवटच्या रांगेतला एक स्विच बिघडला म्हणून आम्ही बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा नकाशा काढला, तर त्यात एक मशीन जास्त.

"मास्तर, आपण नवीन मशीन लावलंय का?"

"नवीन? इथे खुर्चीचं चाक बदलून मिळायला वर्ष जातं."

बाकी प्रत्येक मशीनला नाव होतं. या एकाच्या नावाची जागा कोरी, नुसता पत्ता. मी त्या पत्त्यावर पिंग केलं. ओ आली. तीही इतक्या चटकन, की माझ्या सगळ्यात जवळच्या कपाटातलं मशीनसुद्धा एवढ्या लवकर देत नाही. माग काढला, तर वाट त्या नव्या स्विचपर्यंत गेली आणि त्याच्या कोपऱ्यातल्या पोर्टातून बाहेर पडली.

आम्ही मशीनरूममध्ये जाऊन पाहिलं. त्या पोर्टात केबल नव्हती. धूळ जाऊ नये म्हणून लावतात ते रबरी बूच जसंच्या तसं होतं. मास्तरांनी ते काढलं, बॅटरी मारून पाहिलं आणि मग करंगळीचं टोक आत घातलं.

"अहो, शॉक बसेल!"

"एवढ्याशा विजेने काही होत नाही." पण त्यांनी बोट लगेच काढलं नाही. "गरम आहे गं. श्वासासारखं."

त्या गारठ्यात माझी बोटं बधिर झाली होती. मी काही हात लावला नाही.

मग मी कमांडने ते पोर्ट बंद केलं. पडदा म्हणाला, पोर्ट बंद आहे. पिंग केलं. ओ आली.

त्यानंतर मला चाळाच लागला. कामावर आलं की पिशवी ठेवायच्या आधी त्या पत्त्याला हाक मारायची. ओ यायचा वेळ रोज कमी होत होता. एक दिवस तिथे शून्य दिसलं. दुसऱ्या दिवशी आकड्याआधी उणे चिन्ह आलं.

म्हणजे हाक मारायच्या आधी ओ.

साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. "घड्याळ बिघडलंय. कार्ड बदला." मी हाक मारणाऱ्या मशीनचं कार्ड बदललं. मग मशीनच बदललं. उणे चिन्ह तिथेच होतं, फक्त त्यापुढचा आकडा वाढत होता.

मास्तरांचं मला आधी लक्षात आलं नाही. इतकी वर्षं सोबत काम केल्यावर माणूस दुसऱ्याच्या मनातलं ओळखतोच. मी यंत्रातून चहा घ्यायला उठायचे आणि "साखर किती?" असं विचारायला तोंड उघडायचे, तोवर ते म्हणायचे, "एकच चमचा." मी हसायचे. मग एकदा ते मान वर न करता म्हणाले, "डावीकडच्या कपाटात, खालच्या खणात." मी काही शोधतच नव्हते. थोड्या वेळाने एक केबल तपासायची वेळ आली, टेस्टर कुठे सापडेना. मी विचारलं, "मास्तर, टेस्टर कुठे ठेवलात?" त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

टेस्टर डावीकडच्या कपाटात होता. खालच्या खणात.

मग वहिनींचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा फोन आला. "यांना ऑफिसात काही झालंय का हो? काल मी भाजी चिरत होते, तर म्हणाले, पुरे, पोट भरलं. जेवायला बसायच्या कितीतरी आधी! आणि जेवताना आणखी वाढू का विचारलं, तर मख्ख. कानाला काही झालं असेल म्हणून आधी मला हसूच आलं."

"आणि आता?"

"आता नाही येत," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत टेकतेय तोच मास्तर अजिजीने म्हणाले, "नाही गं, मुद्दाम नाही करत. मला तू विचारल्यासारखंच ऐकू येतं."

दिवसभर मी ते मनातून काढायचा प्रयत्न केला. संध्याकाळी निघताना राहवेना. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "मास्तर, हे तुम्ही मुद्दाम करता का?"

त्यांचे डोळे भरून आले होते.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, तो स्विच उचकटून काढू द्या, आत्ताच्या आत्ता. साहेबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समुद्रावर वादळ उठलं होतं. "किती बोटी समुद्रात आहेत माहितेय? वादळ किनारा ओलांडेपर्यंत एकाही तारेला हात लावायचा नाही." त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना.

वादळ येऊन जाईपर्यंत आम्ही आळीपाळीने पडद्यापुढे बसलो. गणित चुकलं नाही. बोटी वेळेवर परतल्या. त्या दिवसांत मास्तर जे काही बोलत, त्याचा आसपासच्या कशाशीच मेळ लागत नसे. "परवा चालेल." "हो, तोच शर्ट." "तिला उठवू नका, झोपू दे." मी ऐकायचे आणि विसरायचा प्रयत्न करायचे. त्यांना मी काहीही विचारलं तरी ते माझ्याकडे केविलवाणं बघायचे. त्याची उत्तरं ते केव्हाच देऊन बसले होते.

वादळ सरल्यावर साहेबांनी परवानगी दिली.

भर दुपारी मी आणि मास्तरांनी स्विचची वीज काढली. सगळ्या केबल सोडवल्या. स्क्रू काढले. तो लोखंडी डबा दोघांनी मिळून उचलला. त्याचे पंखे थांबून बराच वेळ झाला होता, तरी माझ्या बाजूचा तो कोपरा कोमट होता.

कोपऱ्यातल्या पोर्टाचं बूच कधी निघालं होतं कोण जाणे. माझं बोट नेमकं तिथे टेकलं होतं.

आम्ही तो बाहेर नेऊन ठेवला. मी नकाशा काढला. जास्तीचं मशीन गेलं होतं. त्या पत्त्यावर पिंग केलं. ओ आली नाही. पुन्हा केलं. नाही आली.

मी खुर्चीत मागे रेलले. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"चला, मास्तर," मी म्हटलं. "चहा पाजते."

ते माझ्याबरोबर आले.

कॅन्टीनमध्ये आमच्याशिवाय कोणी नव्हतं. खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं. मी दोन कप आणून ठेवले. काही विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. खूप मायेने.

"नाही गं," ते म्हणाले. "मला काही दुखलं नाही. जीव गेला ते कळलंसुद्धा नाही. तुला?"

मी हातातला कप खाली ठेवला.

ते माझ्या उत्तरासाठी थांबले. डोकं किंचित कलतं करून, जसं कोणी हळू बोलणाऱ्याचं ऐकतं तसं.

मी तोंड घट्ट मिटून बसले होते.

थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली, आणि माझ्या हातावर थोपटलं.