शेहेचाळीस ग्रॅमची डबी

“बोटं! खणात बोटं आहेत!”

वेदांत असा किंचाळला की त्याच्या हातातलं चिवड्याचं ताट पडता पडता वाचलं. पूर्वा आणि पीयूष धावत आले. खणात खरोखरच बोटं होती. पांढरी, ताठ, ओळीनं मांडलेली, चाळीसेक तरी असतील! प्रत्येकावर शाईनं एकेक नाव लिहिलेलं.

खिडकीपाशी बसलेले रामभाऊ आजोबा खो खो हसत सुटले. “अरे, प्लॅस्टरची आहेत ती! घाबरलास होय?”

“घाबरलो नाही,” वेदांत म्हणाला. “फक्त जरा जोरात सांगितलं.”

“हो ना भिया, पूरं तुकोगंज जागं केलंस!” पीयूष म्हणाला.

दिवाळीची सुट्टी लागली होती आणि पूर्वाच्या आईनं फराळाचं ताट देऊन तिघांना शेजारी पिटाळलं होतं. पूर्वा आणि पीयूष जन्माचे इंदूरकर. वेदांत मात्र आईची बदली झाली म्हणून सहा महिन्यांपूर्वी नाशिकहून आलेला. रामभाऊ मिजराब करतात एवढंच त्याला ठाऊक होतं. मिजराब म्हणजे सतार वाजवताना बोटावर चढवायची तारेची नखी. दिसायला एवढीशी, पण बोटावर नीट बसली नाही तर भलेभले वाजवणारे रडकुंडीला येतात. म्हणून रामभाऊ आधी त्या माणसाच्या बोटाचा साचा घेत आणि मग त्यावर पोलादी तार वळत.

“आजोबा, हे एक वाकडं का?” पूर्वानं एक बोट उचललं. त्यावर ‘क्षितिजा’ असं लिहिलं होतं.

रामभाऊंचं हसू मावळलं. “दारात चेमटलं होतं लहानपणी. बाजारची नखी तिच्या बोटावर टिकतच नाही. पोरगी नॉर्वेत असते आता. बावीस तारखेला तिथं तिचा पहिला मोठा कार्यक्रम आहे. जुन्या नख्या झिजल्या, म्हणून बारा नव्या करून ठेवल्यात. पण जातच नाहीत!”

“जात नाहीत म्हणजे?”

उत्तर दिलं त्यांच्या सुनेनं, सुनीताकाकूनं. “अरे, काय सांगू! बाबांनी आधी लिफाफ्यात घालून, तिकिटं लावून पाठवल्या. परत आल्या! पत्रात कागद जातो, वस्तू नाही म्हणे. मग कोणी बोललं छोटं पाकीट करा, कोणी बोललं पार्सल करा. एका कुरिअरवाल्यानं तर असा दर सांगितला, की तेवढ्यात मीच अर्ध्या रस्त्यापर्यंत जाऊन आले असते! शेवटी कोपऱ्यावरच्या ‘सरपट बुकिंग’मध्ये गेले बाबा. तिथं फॉर्मवर वजन लिहावं लागतं. बाबांनी लिहिलं शेहेचाळीस ग्रॅम. तिथल्या मनीषच्या काट्यावर एकदा आलं अडुसष्ट, एकदा त्र्याहत्तर! पन्नासच्या वर दर वेगळा, आणि लिहिलेलं वजन जुळत नाही म्हणून तो बुकिंगच करत नाही.”

रामभाऊंनी पत्र्याची छोटी डबी तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि हात जरासा खालीवर केला.

“शेहेचाळीसच आहे,” ते पुटपुटले. मग त्यांनी डोळे उघडले. “पन्नास वर्षं हातानं तार तोलतोय मी. पण यंत्र कशाला खोटं बोलेल? माझा हातच गेला असणार.”

सुनीताकाकूनं भिंतीशी एक खोकं आणून ठेवलं होतं. त्यात रामभाऊंच्या पकडी, कानस आणि तारेची वेटोळी भरायला सुरुवातही झाली होती. “रागावू नका बाबा,” ती हळूच म्हणाली. “खूप केलंत. आता आराम करा.” तिनं ते मायेनंच म्हटलं होतं, पण रामभाऊंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

पूर्वाला फार वाईट वाटलं. तिनं पुढं होऊन डबी उचलली. “आजोबा, ही आम्हाला द्या. आम्ही पाठवून येतो!”

“आज शुक्रवार, बेटा. उद्या दुपारी दोनची गाडी शेवटची. ती चुकली तर बावीस तारखेच्या आत काही पोचत नाही.”

“मग उद्या दोनच्या आत!” पूर्वा म्हणाली आणि कोणी अडवायच्या आत तिघं जिना उतरलेसुद्धा.

‘सरपट बुकिंग’मध्ये कशालाच घाई नव्हती. काउंटरमागं बसलेल्या मनीषचे डोळे मोबाइलवरच्या क्रिकेटच्या मॅचला चिकटलेले होते. एका ठेंगण्या, जाड बुडाच्या स्टँडवर मोबाइल उभा, त्याला खेटून वजनकाटा, आणि काट्यापलीकडं पाकिटांचा ढीग.

“रामभाऊ काकांची डबी ना?” न बघताच त्यानं ती काट्यावर ठेवली. “एकाहत्तर! बघा, मी काय करू? मशीन थोडीच झूठ बोलते? काका बुजुर्ग आहेत, होतं असं. फॉर्म नवीन भरून आणा.”

“पण परवा त्र्याहत्तर होतं ना?” पूर्वानं विचारलं.

“हवा लागली असेल! अरे, पकड, पकड... छे! कॅच सोडला!”

वेदांत तोवर भिंतीवरचा दरांचा तक्ता वाचत होता. एकावर एक असे तीन तक्ते डकवलेले, खालच्या दोन्हींचे कोपरे बाहेर डोकावताहेत. “सापडलं!” तो कुजबुजला. “हा माणूस जुना तक्ता बघून दर लावतोय!”

तिघांनी तिन्ही तक्ते बोट लावून तपासले. कागदपत्रांचा दर वेगळा, वस्तूंचा वेगळा. पन्नास ग्रॅमपर्यंत एक, शंभरपर्यंत दुसरा. सगळ्यांत वरचा तक्ता याच वर्षीचा होता, आणि मनीष तोच बघत होता.

“फुस्स!” पीयूष म्हणाला.

“थांबा!” पूर्वाचे डोळे चमकले. “आपण उगाच दराच्या मागं लागलोय. दर जिथल्या तिथं आहे. बदलतंय ते वजन! बंद डबीचं वजन रोज बदलेलच कसं?”

“तिच्यात कोणी जिवंत असेल तर,” वेदांत म्हणाला, तेव्हा दोन्ही मित्रांनी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

पीयूषचे उदयसिंह मामा सियागंजात केशर आणि वेलदोडे विकत. त्यांचा काटा इतका नाजूक, की जवळ कोणी शिंकलं तरी मामा ओरडत. त्यांनी श्वास रोखून डबी ठेवली.

शेहेचाळीस! ना कमी, ना जास्त.

पूर्वाला तिथंच नाचावंसं वाटलं. रामभाऊंचा हात गेला नव्हता! “मग त्या मनीषभियाच्या काट्यातच खोट आहे!”

“असं एकदम कोणावर आळ नको घेऊ,” मामा म्हणाले. “आधी बघ, मग बोल.”

शनिवारी सकाळी दहाला तिघं काउंटरवर हजर झाले. मनीष नुकताच शटर उघडून उदबत्ती ओवाळत होता. त्यानं डबी ठेवली, आणि काटा म्हणाला, शेहेचाळीस!

“लो! आलं बरोबर!” मनीषही खूश झाला. “पण नेट गया है. घंट्याभरानं या, लगेच करून देतो.”

जीव भांड्यात पडला. तिघांनी कोपऱ्यावर पोहे खाल्ले. पीयूषनं त्यावर एवढा तिखट जीरावन मसाला भुरभुरला की वेदांत पहिल्याच घासाला पाणी पाणी करू लागला. साडेअकराला परत आले तर नेट आलेलं, मोबाइलवर मॅचही लागलेली, आणि काट्यावर आकडा होता सत्तर!

“पोहे आपण खाल्ले,” वेदांत रडवेला होऊन म्हणाला, “आणि वजन डबीचं वाढलं!”

“काटा बिघडलाय तुमचा!” पीयूष उसळला.

“बिघडलाय? असं?” मनीषला राग आला. त्यानं खणातून आपलं खायच्या शेवेचं नवंकोरं पाकीट काढलं आणि काट्यावर ठेवलं. पाकिटावर पन्नास ग्रॅम छापलं होतं. काट्यानं पाकिटासकट दाखवलं एक्कावन्न. “बोल आता! नेट आल्यापासून वीस पाकिटं बुक केली. एकाचीही तक्रार नाही. फक्त तुमचीच डबी जादूची!”

काटा शेवेला बरोबर तोलत होता आणि डबीला चूक! घड्याळात बारा वाजत आले होते. पूर्वाच्या डोळ्यांसमोर ते खोकं आलं, आणि खाली घातलेली मान.

तिनं डबी उचलायला हात घातला, आणि तिचा हात थबकला. डबी सहज उचलली गेली नाही. अगदी किंचित, पण कोणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी ओढ लागली. तिनं डबी पुन्हा ठेवली. बोट काढताच डबी आपण होऊन केसभर सरकली. कुठं? मोबाइलच्या स्टँडकडं! आणि त्या स्टँडच्या बुडाला दोन टाचण्या आणि एक स्टेपलरची पिन चिकटून बसली होती.

“मनीषभिया,” पूर्वा श्वास आवरून म्हणाली, “मॅच दोन मिनिटं बाजूला ठेवाल?”

“आत्ता? शेवटची जोडी खेळतेय!”

“दोनच मिनिटं! रामभाऊ आजोबांसाठी!”

मागं रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, “दे ना रे, लेकरू एवढं म्हणतंय तर!” तेव्हा कुठं मनीषनं स्टँड उचलून खुर्चीवर ठेवला.

काट्यावरचा आकडा झपकन उतरला. शेहेचाळीस!

“आता परत ठेवा. अगदी काट्याला खेटून, नेहमीसारखा.”

एकाहत्तर!

“चुंबक!” वेदांत आणि पीयूष एकदमच ओरडले.

“स्टँड हलू नये म्हणून त्याच्या बुडात चुंबक आहे,” पूर्वा भराभर सांगू लागली. “मॅच लागली की तुम्ही त्याचं बूड काट्याच्या ताटलीच्या कडेखाली सरकवता. डबी पत्र्याची, आतल्या नख्या पोलादाच्या. चुंबक त्यांना खाली ओढतो, आणि काट्याला वाटतं वजन वाढलं! शेवेला आणि कागदांना चुंबक ओढत नाही, म्हणून दुसऱ्या कोणाचं वजन चुकलंच नाही. सकाळी मॅच नव्हती, म्हणून आमचंही बरोबर आलं!”

रांगेत टाळ्या वाजल्या. मनीषचा चेहरा मात्र साफ उतरला.

“आणि मी काकांना बोललो, बुजुर्ग आहेत, होतं असं,” तो हळू आवाजात म्हणाला. “दोनदा परत पाठवलं त्यांना. चार जिने चढतात ते.” त्यानं मोबाइल बंद केला. शेवटच्या जोडीचं काय झालं हेसुद्धा पाहिलं नाही! रामभाऊंनी भरलेला जुनाच फॉर्म त्यानं समोर ओढला, त्यावरच्या शेहेचाळीसखाली शिक्का मारला आणि पन्नास ग्रॅमच्या आतला दर लावला. दोनच्या गाडीत डबी त्यानं स्वतःच्या हातानं ठेवली.

मग शटर अर्धं ओढून तो मुलांबरोबर निघाला. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती.

“काका, माफ करा,” दारातच तो म्हणाला. “तुमचा हात बरोबर होता. चूक माझी होती.”

सगळं ऐकून झाल्यावर रामभाऊ आपल्या तळहाताकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सुनीताकाकू भिंतीपाशी गेली, खोक्यातल्या पकडी आणि कानस एकेक काढून पुन्हा खिडकीत मांडू लागली. “मलाही माफ करा, बाबा,” ती म्हणाली.

“तुझं काय चुकलं? मीच माझ्यावरचा भरवसा सोडला. या पोरांनी सोडला नाही!” रामभाऊंनी पूर्वाच्या पाठीवर थाप मारली. “शाबास! नुसतं पाहिलं नाहीस, हाताला लागलेली ओढ ओळखलीस. हे काम शिकायला हेच लागतं.”

शाळा सुरू झाल्यावरच्या एका रविवारी रामभाऊंनी तिघांना बोलावून घेतलं. मोबाइलवर क्षितिजाताईचा कार्यक्रम दिसत होता. तिचं वाकडं बोट तारांवर भरभर फिरत होतं आणि नखी जागची हलत नव्हती. वाजवणं संपल्यावर तिनं ते बोट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, “रामभाऊ, अगदी बरोब्बर बसली!”

“वेदांत, तेवढा खण उघड रे,” रामभाऊ सहज म्हणाले.

“आता नाही घाबरणार,” वेदांत म्हणाला आणि त्यानं खण ओढला. सगळ्यांत पुढं तीन नवीन छोटी बोटं मांडलेली होती. मागच्या आठवड्यात ‘गंमत’ म्हणून आजोबांनी प्लॅस्टरमध्ये बुडवून घेतलेली. त्यांवर ताजी शाई होती. वेदांत. पीयूष. पूर्वा.

आणि प्रत्येक बोटावर एकेक नखी अगदी बरोब्बर बसली होती.