तबिथासाठी काय घ्यावं?

"हिचे डोळे मिटतात व्हय?"

कॅम्पातल्या दुकानात एक उंच माणूस बाहुली आडवी-उभी करून बघत होता. मी शाळेच्या प्रयोगांसाठी स्पिरिट घ्यायला आले होते. परक्यांच्या बोलण्यात मी पडत नाही. पण त्याने सहाव्यांदा बाहुली आडवी केली आणि मला राहवलं नाही.

"मुलगी किती वर्षांची आहे?"

तो दचकला. "तेरा. पुतणी हाय. दर नाताळाला बाहुलीच घेतो..."

"तेराव्या वर्षी बाहुली हातात पडली, तर डोळे मुलगीच मिटून घेईल."

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची सवय मला तेव्हाच दिसली. "मग काय घ्यावं?"

"मुलगी माहीत नसताना कसं सांगू?"

"माहीत हाय की तुम्हाला! तबिथा. तुमच्याच वर्गात बसती. तुम्ही लिदियाबाई न्हवं? काचेचं भांडं फुटलं तर बाई ओरडत न्हाईत, नुसतं बघतात, म्हणती. त्याचीच लई भीती वाटती म्हणं!"

मी स्पिरिटची बाटली पिशवीत ठेवली... आणि पैसे द्यायचे विसरून पायरी उतरले. दुकानदाराने हाक मारून परत बोलावलं.

त्याचं नाव शमुवेल आण्णाप्पा. स्टेशनात तारबाबू. तबिथाचे आईवडील ती तीन वर्षांची असताना एकाच आठवड्यात तापाने गेले. तेव्हापासून ती या काकाजवळ. त्याची रात्रपाळी असली की शेजारच्या बाळाबाई तिला सोबत करायच्या.

पुढच्या शनिवारी तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. "रिबनी घेऊ?" "ती दोन वेण्या घालत नाही आता." "शिवणाची पेटी?" "ती शिक्षा झाली." "पेन?" "शाई सांडते, मग स्वतःवरच रागावते."

"बाई, तुम्ही नुसतं न्हाय-न्हाय म्हणताय!"

"चुकीची उत्तरं आधी काढून टाकावी लागतात."

त्याची बोटं फाटकाच्या गजावर वाजत होती. तारेच्या यंत्रावरची बोटं, कुठेही गप्प बसत नसत. मग ती एकदम थांबली.

"या वर्षी चांगलंच काहीतरी द्यायला पायजे. एक जानेवारीला मिरजेला बदली हाय माझी. तिथं बाळाबाई न्हाईत. तबिथाला बोर्डिंगातच ठेवावं लागंल. अजून... सांगितलं न्हाय तिला."

मी मनात दिवस मोजले. तेवीस. मोजायचं काही कारण नव्हतं.

त्या आठवड्यात मी दोन चंचुपात्रं फोडली. वर्गातल्या मुली नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

शेवटी मीच सुचवलं, तिला पहिलं लुगडं द्यावं. मुलीच्या मापाचं, पांढरं, बारीक काठाचं. नाताळच्या उपासनेला नेसेल. दुसऱ्या दिवशी आम्ही शहापुरात, त्याच्या ओळखीच्या बायाक्का विणकरणीच्या मागावर गेलो. मी कधी माग जवळून पाहिला नव्हता. सुताचा धोटा उजवीकडून डावीकडे धावताना बघत मी आत उभी राहिले, आणि दाराशी शमुवेल बायाक्काशी बोलला. एवढंच ऐकू आलं... "पांढरंच पायजे. नाताळाच्या आत. मापाचं तू बघ बायाक्का, मला त्यातलं काय कळतंय!"

बायाक्काने वाकून माझ्याकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत. मग हसली.

तेवीस तारखेला आम्ही लुगडं आणायला गेलो. बायाक्काने घडी मोडली. एक वार, दोन वार... कापड संपेचना. पुरं नऊवार, शुभ्र, काठाला चांदीसारखी बारीक रेघ.

"बायाक्का, हे काय गं?" शमुवेल म्हणाला. "एवढ्याशा पोरीला..."

"एवढीशी कुठं? चांगली उंच हाय की!" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमच्यात लग्नाला पांढरं नेसत्यात, ठाऊक हाय मला. आमच्या गल्लीत बिनलग्नाचा गडी पोरीला घेऊन मागावर येतो तो लगीन ठरल्यावरच. न्हाईतर लुगडं घ्यायला बायकाच येत्यात. लाजून माप सांगंना झालास, मला काय कळंना व्हय रं?"

मागावर काम करणाऱ्या दोन बायका हसत होत्या, त्या थांबल्या. शमुवेलची बोटंही थांबली. मी बाहेर पडले आणि वाट फुटेल तिकडे चालायला लागले. भरभर. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं.

तो धावत आला. "बाई... थांबा तरी. चूक माझी."

"चूक बायाक्काची. तिने पाहिलं त्यावरून अनुमान काढलं."

"अनुमान खोटं हाय व्हय?"

मी थांबले. "शमुवेलराव, मला नीट उत्तर हवं. मिरजेला घरात बाई असली की तबिथाला नेता येईल. तुम्हाला तबिथासाठी कुणी हवं आहे... की?"

रस्त्यावरून सुताचे गठ्ठे भरलेली बैलगाडी गेली. ती वळणाआड गेल्यावर तो माझ्याकडे वळला.

"तबिथासाठी असतं, तर सोपं होतं," तो म्हणाला. "त्या दुकानातच विचारलं असतं. स्वतःसाठी मागायचं म्हणून तर जीभ उचलंना झाली."

मी फक्त म्हटलं, "आधी तिला बदलीचं सांगा. तिच्यापासून लपवून मी काही बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या अंगणात मुली सुरूच्या फांदीवर कागदी चांदण्या बांधत होत्या. तबिथा शिडीवर होती. शमुवेल मोकळ्या हातांनी खाली उभा राहिला.

"तबी, खाली ये. सांगायचं हाय. माझी बदली..."

"मिरजेला. एक जानेवारीपासून." तिने दोऱ्याची गाठ दातांनी आवळली. "तुझ्या कोटाचं बटण लावताना खिशातला कागद वाचला. पंधरा दिवस झाले."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू का बोलला न्हाईस? मी तुझं घर झाडते, बटणं लावते, तुझ्या उलट्यासुलट्या पाळ्यांचा डबा भरते. आणि माझंच मला सोडून सगळ्यांना ठाऊक!" तिचा आवाज फाटला. "काय द्यायचं याच्या बाजारभर चौकशा केल्यास म्हणं. मलाच का विचारलं न्हाईस?"

मलाही ते सुचलं नव्हतं. सगळी उत्तरं खोडली, पण जिच्यासाठी चाललं होतं तिला एकदाही विचारलं नाही.

"चुकलं," शमुवेल म्हणाला. "आता विचारतो. काय पायजे?"

ती शिडीवरून उतरली. "मला तुझ्यासंगं यायचं हाय. आणि इथून पुढं मला आधी सांगायचं. सगळं."

"व्हय. मग आधी सांगतो..." तो अडखळला. कानाच्या पाळ्या लाल. "बाई जर... म्हणजे आपल्या घरात... तुझी हरकत..."

तबिथाने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. मी अशी कधी तपासली गेले नव्हते.

"बाई, तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"मापं दिली तर येतो."

"काकाला मिठाचं माप अजून कळत न्हाय. तुम्हाला एकदमच दोघांना शिकवते." मग तिने काकाकडे वळून कमरेवर हात ठेवले. "बाईंना विचारलंस का? नीट?"

"तसं... काल रस्त्यात..."

"रस्त्यात? विचार आता. मी इथंच थांबते."

त्याने घसा साफ केला. अंगणातल्या सगळ्या मुलींचे हात चांदण्यांवर थबकले. त्याने विचारलं. माझ्या नावाने, पहिल्यांदाच.

मी उत्तर दिलं.

"मोठ्यानं बोला, बाई," तबिथा म्हणाली. "मागं ऐकू येत न्हाय."

मी मोठ्याने बोलले.