संदीपच्या नावाची घागर

करण, मोबाईल ठेव खाली. आन् सृष्टे, तुला दात काढायचे असतील तर आत जाऊन झोप. ही गोष्ट माझ्या दोस्ताची हाय, रामहरीची.

कारखान्याच्या बागेतलं कारंजं तुमी बघितलंय. मधी ब्राँझचा श्रावणबाळ, गुडघा टेकून घागर बुडवतोय. माझ्या आज्याच्या काळातला. पूर्वी त्या घागरीतून पानी उडायचं. आता सगळ्या अंगावर नुसता हिरवा कळंक. रामहरी तिथला माळी. त्याचा एकुलता संदीप लहानपनी त्याच कारंज्यात डुंबायचा. मागं उन्हाळ्यात गावाला पानी नव्हतं, तवा ते पोरगं कॅनॉलवर गेलं. हंडा काठावर सापडला. पोरगं न्हाई.

आखितीला, म्हंजी अक्षय्य तृतीयेला, आपन गेलेल्याच्या नावानं घागर भरतो. ती भरेस्तोवर जीव तान्हेला राहतो म्हनत्यात. पन संदीपची आई, केशरबाई, घागर घरात येऊ देईना. "घागर भरली म्हंजी पोरगं मेलं. माझं पोरगं यायचंय अजून." रडून रडून डोळे गेले बाईचे. पोराची तहान बघावी का बायकोची आशा? रामहरीचं काळीज तुटायचं, रे.

गेल्या आखितीची आदली रात. चंद्रकोर कवाच मावळलेली. बाई झोपली तसा रामहरी नवी घागर घेऊन चोरून बागेत गेला. तिथंच भरू, तिथंच पुजू, हिला कळायला नको. नळ सोडला. नुसता वारा. घागर कारंज्याच्या कट्ट्यावर ठेवली आन् ढसाढसा रडाया लागला.

"तुझी घागरबी भरता येईना रं बापाला, संदीप..."

तेवढ्यात आवाज आला.

गुडगुड... गुडगुड...

घागर बुडताना येतो तो.

कारंजं कोरडं. नळ कोरडा.

"कोन हाय?"

आवाज थांबला.

त्यानं बॅटरी मारली. कट्ट्यावर घागर न्हाई. वर श्रावणबाळाकडं बघायचा धीर झाला न्हाई... पळाला. चपला तिथंच.

घरी केशरबाई उंबऱ्यात बसलेली. पदर ओला. म्होरं तीच नवी घागर. काठोकाठ.

"अवो, संदीप आल्ता," ती म्हनली. "पयलं मला पाजलं पानी. हात लई गार हुता त्याचा. म्हनलं, बस की रं वाईच... बसला न्हाई."

मग तिनं ओला पदर पिळला.

"सकाळी घागर पुजा त्याची. मी वाट बघायची न्हाई आता."

सकाळी पूजा झाली. मी हुतो तिथं. बाईनं त्या दिवशी पयल्यांदा पोराच्या नावानं हंबरडा फोडला. मलाबी ऱ्हावलं न्हाई, डोळे पुसत पुसतच मी घागर उचलाया वाकलो.

कोरी करकरीत मातीची घागर, पोरांनो. तिच्या गळ्याला पाच बोटं उठलेली...

हिरव्या कळंकाची.