जवारी लागेपर्यंत

कानात मणी घातला की केतकी कोरेला आईचा आवाज ऐकू यायचा. "जेवलीस का गं?" आई विचारायची. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी केतकी डोळे मिटून उत्तर द्यायची, "जेवले."

मणी मुगाच्या दाण्याएवढा होता. निवडणुकीआधी रणधीररावांच्या पक्षाने मिरजेत तो घरोघर फुकट वाटला होता. पूर्वीचे पुढारी मंचावरून घसा फोडून बोलायचे, आणि माणसं घरी येईपर्यंत ते विसरून जायची. आता भाषण रणधीररावांचं असलं, तरी ते ऐकू यायचं आपल्याच माणसाच्या आवाजात. फोनमध्ये साठलेले जुने आवाज मणी एकेक करून ऐकवायचा, आणि ज्या आवाजाला नाडी शांत व्हायची तो उचलायचा. या विद्येला स्वरछाया म्हणत. केतकीची नाडी शांत झाली ती आईपाशी. तेव्हापासून ती घरात तरंगत असल्यासारखी वावरायची. काम संपायचं, दुपार सरायची, कशाचाच भार वाटत नसे.

आई आधी मायेचं बोलायची. मग हळूच म्हणायची, "त्या गल्लीतल्यांवर फार विसंबू नकोस. तोंडावर गोड बोलतात ती माणसं."

त्या गल्लीत तानपुरे बनत. तिथेच बाबालाल राहायचा. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती आणि तो केतकीच्या आईकडे जेवून-खाऊन वाढला होता. गाणं शिकवणाऱ्या केतकीच्या आईला सगळं गाव बाई म्हणे, आणि तोही. खंडेनवमीच्या पूजेआधी बाईंच्या तानपुऱ्याची जवारी काढायला, तारांचा बसलेला आवाज पुन्हा खुला करून द्यायला, तो दरवर्षी न चुकता यायचा. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी ती उरी खुपसून घेत नाही; पण सुरीला आईचा आवाज असला की माणूस छाती पुढे करतं. यंदा केतकीने ठरवून टाकलं होतं. जवारी झाली की त्याला सांगायचं, पुढच्या वर्षीपासून येऊ नका.

तो आला. खिडकीतून आश्विनातलं पिवळं ऊन सतरंजीवर पसरलं होतं.

"या, बसा तुम्ही," केतकी म्हणाली.

बाबालालने चमकून पाहिलं. "मी कधीपासून तुम्ही झालो गं?"

तिने तानपुरा त्याच्यापुढे ठेवला. त्याने पुढे काही न विचारता तो मांडीवर घेतला, तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवला आणि तार छेडली. बोथट, बसका आवाज आला. दोरा केसभर सरकला, आवाज थोडा उघडला. आता खोलीत फक्त तार बोलत होती. या घरात आईचा दंडक होता, जवारी लागेपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. दारात पाहुणा आला तरी आई त्याला हातानेच थांबवायची.

आणि त्या शांततेत केतकीच्या कानात आई बोलली.

"लक्ष ठेव त्याच्यावर. त्या माणसांचा नेम नाही."

आई? जवारी चालू असताना?

तिने मणी ओरबाडून काढला. "दादा, थांब. हे आईच्या आवाजात तुझ्याविरुद्ध माझे कान भरतंय. किती दिवस! आणि मी ऐकत बसले रे." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

बाबालालने तानपुरा खाली ठेवला. मग मान वळवून स्वतःच्या कानातून तसाच एक मणी काढला. "आमच्याकडं आमच्या पुढाऱ्यानं वाटले."

"तुला कुणाचा आवाज येतो?"

"बाईंचा. त्यांच्या शिकवण्या फोनमध्ये टेप करून ठेवल्या होत्या मी." त्याने मान खाली घातली. "केतकीपासून सांभाळून राहा म्हणतात. आज येतानासुद्धा म्हणाल्या. तरी आलो. पण शेवटचंच म्हणून आलो होतो, खोटं कशाला सांगू?"

कोनाड्यात पितळी वाटी होती. दोघांनी आपापले मणी तिच्यात टाकले. वाटीतून बारीक कुजबूज येऊ लागली.

"जेवलीस का गं?"

"जेवलास का रे?"

केतकीचा हात आपसूक वाटीकडे गेला. "हे फेकून दिलं तर आई पुन्हा जाईल, दादा."

"माझीही जाईल."

त्याने तानपुरा पुन्हा उचलला. दोरा सरकवला, तार छेडली, पुन्हा सरकवला. जवारी लागत नव्हती. वाटी बोलतच होती, आणि खोलीभर ते मायाळू पुटपुटणं धुपासारखं साचत चाललं होतं. केतकीने डोळे मिटले आणि खरी आई आठवून पाहिली. हात वर करून पाहुण्याला थांबवणारी आई लगेच दिसली. पण तिने तोंड उघडलं की आवाज मण्याचाच येई.

"दादा," तिने घाबरून विचारलं, "आईचं एखादं तरी वाक्य तुला आठवतं का रे, या मण्यांनी न सांगितलेलं?"