भुऱ्याची पाहणी

"कुत्र्याचं कुठं भूत असतं का, रामदासकाका?" असं आत्ता योगेश हसत म्हणाला. हस बाबा, लाइट येईपर्यंत हसून घे. मी सांगतो ती गोष्ट माझ्या शेजारच्या लूमवर कापड विणणाऱ्या गजेंद्रची. आणि त्यात थोडा मीही आहे, म्हणून सांगायला जड जातं.

गजेंद्र, त्याची बायको उज्ज्वला आणि नऊ वर्षांची वर्षा, तिघं इथंच गोडादऱ्यात एका खोलीत राहतात. पोरीच्या हट्टापायी त्याने कामरेजच्या पलीकडच्या, जखमी जनावरं सांभाळणाऱ्या एका संस्थेतून कुत्रा आणला. भुरकट रंगाचा, गाडीखाली येऊन मागचा एक पाय निकामी झालेला. नाव भुऱ्या. संस्थेच्या अश्विनीताईंनी कागदावर सही घेतली होती. कुत्र्याला रस्त्यावर सोडायचं नाही, जमलं नाही तर परत आणून द्यायचं, आणि दर महिन्याला फोटो पाठवायचा. गजेंद्र छाती फुगवून म्हणाला, "ताई, आमच्याकडे कुत्रं म्हणजे घरातलं माणूस."

मग दिवाळी आली. लूम बंद, वीस दिवस गावाला जायचं, आणि बसवाला कुत्र्याला घेईना. बस संध्याकाळी सातची. गजेंद्र दुपारीच भुऱ्याला आपल्या पांढऱ्या मोपेडवर पायाशी उभं करून संस्थेत ठेवायला निघाला. दिवस वसुबारसेचा, गायवासराला ओवाळायचा. रस्ता तुंबलेला. मी बसपाशी उभा राहून त्याला फोनवर फोन करत होतो. शेवटी मीच ओरडलो, "सोड ना तिथंच कुठंतरी! कुत्रंच तर आहे."

त्याने एका बंद मिलच्या फाटकाशी बिस्किटं टाकली आणि गाडी वळवली. भुऱ्या तीन पायांवर धावत मागे आला. गजेंद्रला तो आरशात दिसत होता. त्याने गाडी आणखी पळवली.

गावाहून परतल्यावर त्या रस्त्याला जायची त्याची हिंमत झाली नाही. वर्षाला सांगितलं, भुऱ्या संस्थेत आहे, पायाचा इलाज चाललाय. अश्विनीताईंना जुने फोटो पाठवले. घरच्यांना वाटायचं कुत्रा संस्थेत, संस्थेला वाटायचं कुत्रा घरी. वर्षा रोज जेवताना विचारायची, "पप्पा, कधी आणायचा त्याला?" आणि हा अर्ध्या ताटावरून उठायचा.

सोळा जानेवारी, शुक्रवार. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, संपून पतंगांचे धागे तारांवर लोंबत होते. संध्याकाळी अश्विनीताईंचा मेसेज आला, "उद्या सकाळी आठला भुऱ्याला बघायला येते."

रात्री अकराला गजेंद्रने दोन पोळ्या कागदात बांधल्या.

"इतल्या रातले कोठे चालनात?" उज्ज्वलाने विचारलं.

"आलोच," एवढंच म्हणून तो निघाला.

मिलच्या फाटकाशी चौकीदार शेकोटी करून बसला होता. गजेंद्रने विचारलं, "भैया, इधर एक लंगडा कुत्ता था..."

चौकीदार आधी मोपेडकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पंधरा दिन यहीं बैठा रहा. हर सफेद मोपेड के पीछे दौडता था. फिर एक रात डंपर के नीचे... मैंने ही गाडा. वो बबूल के पास."

गजेंद्रने पोळ्या त्या बाभळीखाली ठेवल्या. हात जोडायचे होते. जोडवले नाहीत.

परत निघाला तेव्हा सव्वाबारा. रस्ता रिकामा. थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला. डांबरावर नखांचा. टक टक टक... चौथा नाही. पुन्हा टक टक टक...

गाडी थांबवली. आवाज थांबला. मागे कोणी नाही.

निघाला. टक टक टक...

आरशात बघायचं धाडस झालं नाही. पण पोरांनो, या वेळी त्याने गाडी पळवली नाही. माणूस चालेल इतकी हळू चालवली. गोडादऱ्यापर्यंत.

घरी पोचला, दार उघडलं. आवाज दाराशी येऊन थांबला. "ये" म्हणायचं होतं. शब्द फुटेना... दार उघडंच ठेवून तो उंबऱ्यावर बसून राहिला.

सकाळी वर्षा उठली तेव्हा त्याने तिला सगळं खरं सांगितलं. पोर रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपली. आता ताई आल्या की त्यांनाही सांगायचं, असं ठरवून तो तिथंच बसला. आठ वाजले. नऊ वाजले. कोणी आलं नाही. त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, उज्ज्वला समोरच भांडी घासत होती, तिनेही कोणाला पाहिलं नाही.

साडेनऊला फोन वाजला. तो मेसेज त्याने अजून पुसलेला नाही, मी स्वतः वाचलाय.

"दादा, आठला येऊन गेले. तुम्ही दारातच झोपला होता, म्हणून उठवलं नाही. भुऱ्या ठीक आहे, तुमच्या पायाशी बसला होता. पण तो घरात का येत नाही? मी आत बोलावलं, तर नुसता तुमच्या तोंडाकडे बघत राहिला."