माऊसवरचा चुना

खोटं सांगून मला काय मिळणार? पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावसबहिणीसोबत, शिवांगीसोबत, मागच्या दिवाळीनंतर लातुरात खरंच घडलंय.

तिचे वडील, आमचे अण्णा, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेले. पोरगी भाड्याच्या खोलीत एकटी. प्रोग्रामिंगच्या नोकरीसाठी नवा कॉम्प्युटर घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे साहेब ऑनलाइन बघणार होते. सगळं सॉफ्टवेअर तयार नसलं, तर नोकरी दुसऱ्याला.

संध्याकाळी मोबाईलच्या नेटवर डाउनलोड लावलं. ते मुंगीच्या पावलानं चाललेलं. खोलीला कुलूप घालून ती मेसवर जेवायला गेली.

पहिला घास घेतला अन् काळजात धस्स झालं!

हात लावला नाही की कॉम्प्युटर थोड्या वेळात झोपतो. झोपला की डाउनलोड बंद. ती सेटिंग बदलायची राहूनच गेली होती.

औशाजवळ गावाकडं जुना कॉम्प्युटर होता, तेव्हा हे काम अण्णांचं. "तू जेवून ये बाई, मी हाय की. झोपू देत न्हाई त्याला." डावखुरे अण्णा तंबाखू मळत, मधूनमधून माऊस हलवून टिक करत बसायचे. चुलीवरच्या दुधाच्या राखणीला बसावं तसे.

ताट तसंच ठेवून ती पळत सुटली.

दाराशी आली... आतून आवाज.

टिक...

टिक...

कुलूप जागेवरच होतं.

घाईत किल्ली लागंना. कसंबसं दार उघडलं... स्क्रीन लख्ख चालू. डाउनलोड पूर्ण.

माऊस डाव्या बाजूला सरकलेला. त्यावर चुन्याचं बोट उमटलेलं...

अन् स्क्रीनवरचा बाण हळूच हलला.

तिच्या तोंडातून जुन्या सवयीनं निघून गेलं, "झालं अण्णा. झोपा तुम्ही आता."

बाण थांबला.

नोकरी लागली. पण माझ्यापुढं ढसाढसा रडली. "दादा, बसा म्हणायचं सोडून मी त्यांना झोपा म्हणले रे!"

ती सेटिंग तिनं अजून बदलली नाही. मुद्दाम डाउनलोड लावून जेवायला जाते... परत येते तर स्क्रीन काळी. तो माऊस डावीकडं तसाच जोडलेला ठेवलाय. स्वतःला दुसरा आणलाय.

परवा मी गेलो होतो. ती चहा ठेवायली होती. मी सहज त्या चुन्याला बोट लावलं.

इतक्या महिन्यांचा चुना...

ओला होता.

तिला सांगावं का न्हाई, मला अजून कळंना झालंय.