पोटरीची परवानगी

त्या खाणीत घटकाभर बसायचं तरी पोटरीची परवानगी लागायची. प्रत्येक मजुराच्या पोटरीवर ‘श्वासपट्टी’ आवळलेली असे. ती कातडीतून प्रकाश आत सोडायची आणि परतलेल्या प्रकाशावरून स्नायूतल्या रक्तात किती प्राणवायू उरलाय ते मोजायची. धडधाकट माणूस चालला की हा प्राणवायू थोडा उतरतो, थांबला की पटकन भरून येतो. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसात मात्र तो तळ गाठतो आणि लवकर वर येत नाही. तसं झालं की पट्टीवर लाल दिवा लागे. मजुराला बसू देत. एरवी हिरवा.

डॉ. यामिनी खानोलकरांनी ही पट्टी रुग्णांसाठी बनवली होती. खाणीच्या कंपनीने ती विकत घेतली आणि दवाखान्यावर त्यांनाच नेमलं. सुकरू आत्राम या मजुराच्या पायातली तुंबलेली धमनी त्यांनीच मोकळी केली होती.

एका सकाळी त्या खाली उतरल्या, तर सुकरू चिखलात पालथा पडलेला आणि मुकादम भुजंग त्याच्या पाठीवर लोखंडी नळी हाणत होता.

“थांबा! त्याला दुखतंय.”

“दिवा हिरवा आहे, मॅडम. तुमचीच पट्टी सांगते, सोंग आहे.”

“ती प्राणवायू मोजते, वेदना नाही! स्नायूंना आता रक्त मिळतंय, पण इतकी वर्षं रक्ताविना उपासमार झाल्यावर पायातल्या नसा कामातून गेल्यात. त्यांची आग कुठल्याच पट्टीवर दिसत नाही.”

“दिसत नाही ते मी कसं मानू?”

नळी पुन्हा उठली. यामिनीबाई मध्ये पडल्या आणि फटका त्यांच्या खांद्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी सुकरूचा दिवा लाल झाला, तो लालच राहिला. संध्याकाळी त्याला उचलून दवाखान्यात आणलं. यामिनीबाईंनी विजार टरकावली. मांडीत तार रुतली होती, पकडीने पिळून घट्ट केलेली. खालचा पाय काळानिळा आणि थंडगार.

“कोणी केलं हे?”

“मीच.” सुकरूचे ओठ सुकले होते. “बाई, आज दिवसभर कोनी हात नाई लावला.”

पाय वाचण्यासारखा नव्हता. करवत ओढताना बाईंच्या सुजलेल्या खांद्यातून कळा येत होत्या. कापलेला पाय त्यांनी तसराळ्यात ठेवला, तोच भुजंग आत आला. त्याने त्या पायावरची पट्टी सोडवली, रक्त पुसलं आणि बेशुद्ध सुकरूच्या दुसऱ्या पोटरीवर आवळली.

दिवा हिरवा लागला.

“हा पाय ठणठणीत आहे,” भुजंग म्हणाला. “उठला की खाली पाठवा.”